विरोधात एकच हात

आबा सभेला येताना घरची खुर्ची घेऊन यायचे. लोखंडी, घडीची, निळ्या पट्ट्यांची. जुन्या एम-एटी गाडीच्या मागे सुतळीनं बांधून आणायचे, मंगल कार्यालयाच्या दारात सोडायचे आणि लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत आपली निळी खुर्ची उघडून बसायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला पाठीचं दुखणं असेल. पाठ ठणठणीत होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याच्या विरोधात बोलायचं, त्याच्याच खुर्चीत बसून कसं बोलू? बरं दिसतं का ते?"

ते ज्याच्या विरोधात बोलायचे, ते म्हणजे आमचं डाळिंब उत्पादकांचं मंडळ. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतले बागायतदार त्याचे सभासद. डाळिंब विकलं की क्रेटमागे थोडी कपात होऊन मंडळाकडे यायची. त्यातून मंडळ डाळिंबाची जाहिरात करायचं, परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी करून द्यायचं आणि रोज सकाळी ठिकठिकाणच्या बाजारांतले भाव सभासदांच्या फोनवर पाठवायचं. मी त्या मंडळाचं ऑफिस सांभाळायचे. बरोबर दत्ता, नरसिंहपूरचा, बागांमधून फळांचे नमुने आणणारा. एवढे दोघंच. आणि आमचं ऑफिस होतं आबांच्याच घरात, रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत.

मंडळाला सगळ्या पंचक्रोशीत जागा दिली ती मंडळाच्या एकुलत्या एका विरोधकानं. याचं लोकांना हसू यायचं. आबांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. "कपात मला मान्य न्हाय. माणसं मान्य हायत," असं म्हणायचे आणि आतून चहा पाठवायचे. मंडळाच्या पैशाचा चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला जाहिरात हवी त्यानं करावी, ज्याला तपासणी हवी त्यानं करून घ्यावी, पण सगळ्यांच्या मालातून सक्तीनं कापून घेऊ नये. वार्षिक सभेत कपात चालू ठेवायचा ठराव आला की ते उठायचे, व्यासपीठाकडे पाठ करायचे आणि खाली बसलेल्या लोकांकडे तोंड करून बोलायचे. अध्यक्ष माइकवरून म्हणायचे, "आबा, इकडं बघून बोला." आबा मागं न वळता म्हणायचे, "वरच्यांना ऐकायचंच नसतंय. मी खालच्यांशी बोलतोय." खालचे हसायचे. मग मतदान. ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर, विरोधात एक. तो एक हात मी नोंद करेपर्यंत वरच असायचा.

"लिहिलं का?"

"लिहिलं, आबा."

"एक विरोधात, असंच लिहिलं ना?"

"हो, आबा."

मग हात खाली यायचा. गंमत म्हणजे त्यांच्या बायकोचा, माईंचा हात ठरावाच्या बाजूनं असायचा. निम्मी बाग माईंच्या नावावर होती, म्हणून त्यांनाही मत होतं. मागच्या रांगेत, बायकांमध्ये बसून त्या दर वर्षी नवऱ्याच्या विरोधात मत द्यायच्या आणि सभा संपली की त्याच्याच एम-एटीवर मागे, मांडीवर घडीची खुर्ची घेऊन घरी जायच्या. त्या म्हणायच्या, "त्यांचं मत त्यांचं, माझं माझं. चूल एक हाय."

खरं सांगायचं तर मला आबांची लाज वाटायची. बाहेरचं कुणी ऑफिसात आलं की माझा जीव आतल्या दाराकडे लागलेला असायचा. एकदा पुण्याहून जाहिरात करणारे लोक आले. टेबलावर त्यांनी मोठं चित्र पसरलं, धावण्याच्या शर्यतीतली एक सडपातळ मुलगी, हातात फोडलेलं डाळिंब. मी कौतुकानं बघत होते. तेवढ्यात आबा आंघोळ करून, बनियन आणि धोतरावर, केसांतून पाणी निथळत बाहेर आले. चित्राकडे वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ही पोरगी आजारी दिसत न्हाय," ते म्हणाले.

पुण्याचा माणूस हसला. "नाही आजोबा, फिट आहे ती. आपला संदेशच तो आहे."

"मग ती डाळिंब कशाला खाईल?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आबांचं ते बोलणं उगाच नव्हतं. आठवड्यातून एकदा ते बारामतीला जायचे आणि एसटी स्टँडवर गाड्यांची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांना विचारत फिरायचे, "डाळिंब कवा खाल्लं हुतं?" लोक आधी दचकायचे, मग आठवून सांगायचे. बहुतेक जण म्हणायचे, ताप आला होता तेव्हा, पोरीचं बाळंतपण झालं तेव्हा, वडील दवाखान्यात होते तेव्हा. आबा परत येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहायचे आणि अहवाल द्यायचे. "बाई, आपण फळ पिकवत न्हाय. औषध पिकवतोय. लोकांच्या ध्यानात डाळिंब म्हंजे दवाखाना. आन तुमी धावणारी पोरगी लावताय."

त्या मुलीचे फलक मोठ्या शहरांमध्ये लागले. आणि नेमका त्याच हंगामात भाव पडला. बागांवर तेल्या रोग आला होता, फळांवर काळे डाग, माल कुणी उचलेना. अशा वेळी लोकांना राग काढायला काहीतरी लागतं. फलकाचे फोटो फोनवरून फिरायला लागले. आमच्या पैशानं पोरी नाचवतात, असं त्याखाली लिहिलेलं असायचं.

मंडळाच्या नियमांत एक कलम होतं. ठरावीक इतक्या उत्पादकांनी सह्या करून मागणी केली, तर मंडळाचं काम आणि कपात स्थगित करायची का, यावर सगळ्या उत्पादकांचं मत घ्यायचं. हे कलम आबांना तोंडपाठ होतं, पण सह्या गोळा करत ते कधी फिरले नव्हते. सह्या गोळा केल्या त्या विक्रमनं. विक्रम तिशीतला, स्वतःची थोडी बाग असलेला, पण मुख्य धंदा व्यापाराचा. बागेत जाऊन जागेवर माल उचलायचा, शेडमध्ये पॅक करायचा आणि बाहेर पाठवायचा. सकाळी भावांचा संदेश शेतकऱ्याच्या फोनवर गेलेला असला की त्याला जागेवर भाव पाडून मागता येत नसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तो आबांकडे आला तेव्हा मी ऑफिसातच होते. आतल्या खोलीतलं बोलणं ऐकू येत होतं.

"आबा, इतकी वर्षं तुमी एकटं लढला. आता आमी हाय तुमच्या मागं."

थोड्या वेळानं तो गेला आणि आबा बाहेर माझ्याकडे आले. उभेच राहिले.

"बाई, मी सही केलीया. तुमच्या माघारी केली असं नको, म्हणून सांगाय आलो."

"आबा, आमची नोकरी जाईल."

"व्हय. ते मला कळतंय," ते म्हणाले. "त्याचं वाईट वाटतंय मला. पण वाईट वाटतंय म्हणून मत फिरवलं, तर इतकी वर्षं मी उभा कशाला ऱ्हायलो?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. ते जे म्हणायचे तेच करत होते. माझ्या टेबलावर त्यांनी एक डाळिंब ठेवलं आणि आत गेले.

मतदानाच्या दिवशी मंगल कार्यालय कधी नव्हे इतकं भरलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं खिडक्यांना टेकून उभी होती. आबा पहिल्या रांगेत आपल्या निळ्या खुर्चीवर. माई मागे, बायकांमध्ये. मी व्यासपीठाच्या कडेला टेबलाशी, कामकाज लिहायला.

आबा बोलायला उठले. सवयीनं पाठ व्यासपीठाकडे, तोंड लोकांकडे. त्यांनी नेहमीचंच सांगितलं, सक्ती नको, ज्याचं त्यानं ठरवावं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा थांबले. टाळ्यांची त्यांना सवय नव्हती. पुढचं वाक्य काय होतं ते विसरल्यासारखे जरा वेळ उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. मग म्हणाले, "पर कपात बंद झाली तरी भाव इचारायचं, माल तपासायचं, ही कामं ऱ्हातीलच. ती कोण करणार, हे बी आज ठरवा." याला टाळ्या आल्या नाहीत. तोवर विक्रमनं माइक घेतला होता. आबा आपल्या खुर्चीवर बसले.

विक्रमला बोलता चांगलं यायचं. आधी फलकावर बोलला, मग पडलेल्या भावावर. मग माझ्याकडे बोट केलं.

"मंडळ कुठं हाय? आबांच्या घरात. मॅडम कुठं असत्यात? आबांच्या घरात. आन मंडळ बंद करा म्हणतंय कोण? आबा! आता का म्हणत्यात ते इचारा की." तो थांबला, लोकांकडे बघितलं. "माईंनीच बजावलं असंल, घरात एक तर मी ऱ्हाईन, न्हाय तर मंडळ!"

सगळं कार्यालय हसलं. खिडक्यांतली माणसं हसली. पुढच्या रांगेत असे लोक बसले होते ज्यांच्या बागेत मी आणि दत्तानं उन्हातान्हात फळं उचलली होती, ज्यांचा परत आलेला माल पुन्हा पाठवण्यासाठी मी फोनवर भांडले होते. तेही हसले. काही जणांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. माझं तोंड, मान, हात, सगळं गरम झालं. मी काही केलेलं नव्हतं, तरी साडीचा पदर नीट केला, जणू तोच कुठंतरी चुकला होता.

आणि मी आबांकडे बघितलं. आबाही हसत होते.

मोठ्यानं नाही. ओठ थोडे पसरलेले, डोळे विक्रमकडे. इतकी वर्षं त्या सभागृहात हसणारे एकीकडे आणि आबा एकीकडे, असंच चाललं होतं. त्या दिवशी हसणारे पहिल्यांदा त्यांच्या बाजूचे होते, आणि तेही त्यांच्यात मिसळून हसले. आपण कशावर हसतोय, हे आबांच्या ध्यानात आलंही नसेल. पण हसले, आणि मी ते बघितलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माई उठल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दोन रांगांमधून, कुणाकडे न बघता, दाराकडे चालत गेल्या. काही जण आणखी हसले. मग हसणं विरत गेलं. आबांनी मागं वळून बघितलं तेव्हा माई दारातून बाहेर पडत होत्या. आबांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं, नुसतं, कोरडं, आणि त्यांना ते काढता येईना.

अध्यक्षांनी मतदान पुकारलं. "स्थगितीच्या बाजूनं कोण?"

आबांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. सवयच होती. मग त्यांनी मागं बघितलं. मागं सगळीकडे हात होते. नुसते हातच हात. आबा त्या हातांकडे बघत राहिले आणि त्यांचा स्वतःचा हात हळूहळू वाकला, कोपरात, पण खाली आला नाही. मंडळ स्थगित झालं. मी ते लिहिलं. आबांनी विचारलं नाही, लिहिलं का.

सभा सुटल्यावर निळी खुर्ची तिथंच राहिली होती. दत्तानं ती मोटारसायकलवर टाकून त्यांच्या घरी नेऊन दिली.

मी त्या खोलीत परत गेले नाही. माझा डबा, छत्री, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं दत्तानंच आणून दिलं. नवऱ्याला मी मंडळ बंद झालं एवढंच सांगितलं. विक्रम काय बोलला ते नाही. सांगितलं असतं तर तो चिडला असता, विक्रमला शोधत गेला असता, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. ते वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारायचं म्हणजे त्यात काहीतरी असल्यासारखं वाटायचं. इंदापूरच्या बाजारात एक ओळखीचे बागायतदार समोरून आले आणि मला बघून दुसऱ्या दुकानात शिरले. त्यांनाही लाज वाटली असणार. पण त्या दिवशी मला वाटलं, मलाच टाळतायत. पुढं मी इंदापूरला जायचंच सोडलं. बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रक्रियेच्या कारखान्यात तपासणीचं काम मिळालं, आम्ही जवळच भाड्यानं खोली घेतली.

आबांचं पुढं काय झालं ते दत्ताकडून कळायचं. भावांचे संदेश बंद झाल्यावर विक्रमचा धंदा जोरात चालला. आबांनी मग पुढच्या खोलीच्या बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर एक काळा फळा लावला. सकाळी उठून ते स्वतःच्या फोनवरून पुण्याला, सोलापूरला, सांगोल्याला ओळखीच्या माणसांना भाव विचारायचे आणि खडूनं फळ्यावर लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाकडून काही घेत नव्हते. लोक गाडी थांबवून वाचायचे, फोटो काढायचे, आणि म्हातारा पार येडा झाला, असं म्हणत पुढं जायचे. एकानं त्यांना विचारलं, मंडळ तुम्हीच बंद पाडलं, मग आता हे काय? आबा म्हणाले, "मी सक्ती बंद करा म्हणत हुतो. काम बंद करा असं कवा म्हणलं?"

विक्रमनं त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फेटा. आबा गेले, पण फेटा बांधून घेतला नाही. त्यांना माइक दिला तर ते एवढंच बोलले, "त्या दिवशी एका बाईमाणसाची थट्टा झाली. माझ्या बायकोची झाली. आन मी हसलो. मला सत्कार नगो." दत्ता तिथं होता. तो म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा नेहमीसारखं काहीतरी इरसाल बोलतायत, असंच त्यांना वाटलं. खाली उतरल्यावर एकेक जण खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, जाऊ द्या आबा, गंमत झाली, जाऊ द्या.

हे ऐकल्यावर मी दत्ताला म्हटलं, पुन्हा मला आबांचं काही सांगू नकोस.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी दुपारी, दार वाजलं. उघडलं तर माई. त्यांच्यामागे जिन्यावर दोन पायऱ्या खाली आबा, पांढऱ्या कपड्यांत, हातात टोपी. इतके बारीक झालेले की मी आधी ओळखलंच नाही.

मी या म्हटलं, पाणी दिलं. माई आत येऊन खाटेवर बसल्या. आबा दाराशीच जमिनीवर बसले, कितीही म्हटलं तरी वर बसेनात. मी चहा टाकायला वळले तर माई म्हणाल्या, "चहा मागनं कर. त्यांना बोलायचंय. माझ्याशी बोलून झालंय त्यांचं, लई दिवस लागले. आता तुझ्याशी."

आबा टोपीकडे बघत होते. मी त्यांना कधी शब्द शोधताना बघितलं नव्हतं.

"बाई, मत माझं तेच हाय," ते शेवटी म्हणाले. "ते मी फिरवलेलं न्हाय. खोटं कशाला बोलू."

"मला माहीत आहे, आबा."

"पर त्या दिवशी मी हसलो."

त्यांनी टोपीची घडी घातली.

"तुमी बघितलं का न्हाय, हे मला ठाऊक न्हवतं. ही म्हणती, बघितलंच असणार."

"बघितलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डोळे वर केले नाहीत. म्हातारा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, माझ्या दारात जमिनीवर बसलेला. मला ते बघवेना. तोंडावर शब्द आलेच होते. "आबा, जाऊ..."

"जाऊ द्या म्हणू नका," ते एकदम म्हणाले. "सगळी तेच म्हणत्यात. तुमी तरी म्हणू नका."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी जाऊन गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. सभेपासून आतापर्यंत हे मी कुणालाच बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. परत आले आणि आबांच्या समोर जमिनीवर बसले.

"लोकांचं हसणं मी विसरले असते," मी म्हणाले. "विक्रमचंही. तो तसाच आहे. तुमचं नाही विसरता आलं. तुमचं फार लागलं, आबा. अजून लागतं."

माई खिडकीबाहेर बघत होत्या. आबा तसेच बसून होते. मग ते हळूच म्हणाले, "व्हय. लागणारच."

मग मी चहा केला. आबांनी तो घेतला, बशीत ओतून, सावकाश. माईंनी कारखान्यातल्या कामाचं विचारलं, पाळी किती वाजता सुटते, घरी यायला रिक्षा मिळते का. निघताना मी आबांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले आणि मलाच हात जोडले. मला ते हात खाली करता येईनात, तसेच जोडलेले राहूही देववेनात. नुसती उभी राहिले.

ते गेल्यावर मी दाराशी थांबले होते. जिना अरुंद होता, आबा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, माई पुढं. खालच्या वळणावर ते थांबले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत असावं, पण त्यांचा आवाज मुळातच मोठा.

"ऐकलंस?" ते माईंना म्हणत होते. "बाई खोटं बोलल्या न्हाईत."